कॉलेजचा रिसीव्हर एनएफएलमध्ये चालेल का: अंदाजाच्या शीटच्या नोंदी

४ जानेवारी

काम असं: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर (पुढे पळून पास झेलणारा खेळाडू) एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, चालेल का, याचा अंदाज ड्राफ्टच्या (लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्याच्या) आधी बांधणारी शीट. एका खेळाडूला एक ओळ. आधी २०१४ ते २०२१ च्या ड्राफ्टमधले रिसीव्हर घालून बघायचे, कारण त्यांचं पुढे काय झालं ते माहीत आहे. खर्च शून्य. कॉलेजचे आकडे फुकट मिळतात, पैसे देऊन मिळणारा रूटनिहाय डेटा घेतलेला नाही (रूट म्हणजे पास घ्यायला रिसीव्हरने धावायची ठरलेली वाट). कुणाला घ्यायचाच असेल तर त्यातला ‘धावलेल्या रूटमागे यार्ड’ हा एकच आकडा घ्यावा, बाकीच्यावाचून अडत नाही.

पहिला अख्खा दिवस ‘चालला’ म्हणजे काय, हे ठरवण्यात गेला. सुरुवातीचा नियम: पहिल्या तीन हंगामांत एकदा तरी झेलांवर १,००० यार्ड. या नियमाने डवान्टे अ‍ॅडम्स नापास झाला! त्याचे पहिले तीन हंगाम ४४६, ४८३ आणि ९९७ यार्डांचे. ज्या नियमात अ‍ॅडम्स तीन यार्डांनी पडतो तो नियम ठेवण्यात अर्थ नव्हता. शिवाय २०२१ पासून हंगाम १६ ऐवजी १७ सामन्यांचा झाला, म्हणजे एकूण यार्डांची तुलनाही लंगडी.

मग सामन्यामागे ६० यार्ड असं केलं. आता जॉन रॉस पास व्हायला लागला. २०१९ मध्ये त्याचे ५०६ यार्ड आठच सामन्यांत आहेत, म्हणजे सामन्यामागे ६३. त्याची एकूण कारकीर्द बघता हा निकाल कुणालाच पटणार नाही.

ठरलेला नियम: पहिल्या तीनपैकी एका हंगामात किमान १० सामने आणि सामन्यामागे ६० यार्ड. अ‍ॅडम्स ६२ वर पास, रॉस बाहेर. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर गेलेला कोरी डेव्हिस यात गळतो आणि चौथ्या वर्षी सामन्यामागे ७० यार्ड काढतो. त्याच्यासाठी नियम वाकवलेला नाही. एकासाठी वाकवला की मागे दहा जण रांगेत उभे राहतात.

१२ जानेवारी

पहिला रकाना: वाटा. संघाच्या पासिंग यार्डांतला खेळाडूचा टक्का आणि टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) पासमधला टक्का, दोन्हींची सरासरी. नुसते यार्ड बघून चालत नाही, कारण एक संघ सामन्यात ५० पास फेकतो, दुसरा २२.

नमुना म्हणून २०१९ चा एलएसयू (लुइझियाना स्टेट). छेदात सोपेपणासाठी एकट्या क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरोचे आकडे घेतले: ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन. जामार चेस १,७८० यार्ड आणि २० टचडाउन, वाटा ३२.४ टक्के. जस्टिन जेफरसन १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन, वाटा २८.६ टक्के.

इथे दोन चुका झाल्या.

एक, सॅकचे यार्ड, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडलं की होणारा तोटा. एनएफएलमध्ये संघाच्या पासिंग यार्डांतून सॅकचा तोटा वजा होतो. कॉलेजात तोच तोटा धावण्याच्या खात्यात जातो. आम्ही एनएफएलच्या सवयीने कॉलेजच्या यार्डांतूनही तो वजा केला. छेद लहान झाला, सगळ्यांचे वाटे फुगले, आणि ज्या संघाची क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी कच्ची त्याच्या रिसीव्हरचा वाटा सगळ्यात जास्त फुगला. चूक सापडेपर्यंत तीन हंगामांची भरती झाली होती. ती पुन्हा केली, दोन संध्याकाळी गेल्या.

दोन, ही जास्त वाईट. जेफरसनच्या शेजारी चेस होता म्हणून वाटा कमी दिसतो, हे धरायला ‘सोबतचा रिसीव्हर ड्राफ्टमध्ये कितवा गेला’ असा रकाना केला. पण चेस ड्राफ्ट झाला २०२१ मध्ये, जेफरसन २०२० मध्ये. म्हणजे जेफरसनच्या ओळीत पुढच्या वर्षीची बातमी शिरली. जुन्या ड्राफ्टवर शीट तपासताना ही गळती सगळ्यात सहज होते आणि निकाल इतका सुरेख दिसतो की शंकाही येत नाही. रकाना उडवला. त्याऐवजी त्या दिवशी माहीत असलेलीच गोष्ट घेतली: चेसला २०१९ मध्येच सर्वोत्तम कॉलेज रिसीव्हरचा बिलेट्निकॉफ पुरस्कार मिळाला होता.

दुखापतीने बाहेर बसलेले सामने छेदातून वगळायचे. नाहीतर १२ पैकी ७ सामने खेळलेला मुलगा आळशी ठरतो.

१९ जानेवारी

दुसरा रकाना: वय. वाटा पहिल्यांदा २० टक्क्यांवर गेला तेव्हा खेळाडू किती वर्षांचा होता. सगळ्यांचं वय त्या हंगामाच्या १ सप्टेंबरला मोजायचं. यामागचं तर्कशास्त्र साधं आहे: १९ वर्षांचा मुलगा २२ वर्षांच्या बचावपटूंना चुकवतो, त्याची किंमत जास्त.

दोन्ही रकाने लावून २०१९ चा ड्राफ्ट चालवला आणि शीट तोंडावर आपटली.

एनकील हॅरी, अ‍ॅरिझोना स्टेट. वयाच्या १८ व्या वर्षी पहिल्याच हंगामात ६५९ यार्ड, मग १,१४२, मग १,०८८. शेवटच्या वर्षी संघाच्या यार्डांतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा. शीटच्या हिशेबात अव्वल. तो ३२ वा गेला आणि पहिल्या हंगामात १२ झेल, १०५ यार्ड.

टेरी मॅक्लॉरिन, ओहायो स्टेट. शेवटच्या वर्षी वय २२, महिन्याभरात २३ होणार. ३५ झेल, ७०१ यार्ड, ११ टचडाउन. डवेन हॅस्किन्सचे ४,८३१ यार्ड आणि ५० टचडाउन छेदात घेतले तर वाटा १८.३ टक्के. म्हणजे २० ची रेघ त्याने कधी ओलांडलीच नाही. शीट म्हणते, नको. तो ७६ वा गेला आणि पहिल्याच हंगामात १४ सामन्यांत ९१९ यार्ड.

सोपा उपाय म्हणजे रेघ १८ वर आणणं. तो करून बघितला. मॅक्लॉरिन आत आला आणि त्याच्याबरोबर खोगीरभरती. रेघ पुन्हा २० वर नेली. हॅरी का वर गेला आणि मॅक्लॉरिन का खाली राहिला, याचं उत्तर या दोन रकान्यांत नाही. दोघांच्या ओळी पिवळ्या करून ठेवल्या आहेत, पुढचा प्रत्येक रकाना आधी त्यांच्यावर चालवायचा.

२०२० च्या साथीनंतर खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं, म्हणून त्यानंतरच्या तुकड्यांत २३-२४ वर्षांचे बरेच जण सापडतात. त्यांच्या शेवटच्या वर्षाचे आकडे वेगळ्या रंगात.

२६ जानेवारी

परिस्थितीची सूट. क्वार्टरबॅक कच्चा असेल तर रिसीव्हरला दोन गुण वाढीव, क्वार्टरबॅक फारच चांगला असेल तर दोन कमी. ऐकायला रास्त वाटतं.

२०२० च्या ड्राफ्टवर चालवलं. टीसीयूचा (टेक्सस ख्रिश्चन) जेलन रेगर: २०१८ मध्ये १,०६१ यार्ड, २०१९ मध्ये घसरून ६११. पण २०१९ मध्ये त्याला पास देणारा क्वार्टरबॅक पहिल्या वर्षाचा होता, म्हणून सूट. जेफरसनला पास देणारा बरो, म्हणून कपात. शिवाय जेफरसन त्या वर्षी बहुतेक वेळ स्लॉटमध्ये (कडेला नाही, आतल्या बाजूला उभा), म्हणून आणखी कपात. निकाल: रेगर वर, जेफरसन खाली.

फिलाडेल्फियानेही २१ व्या क्रमांकावर रेगर घेतला आणि २२ व्यावर मिनेसोटाने जेफरसन. रेगरचा पहिला हंगाम ३९६ यार्ड, जेफरसनचा १,४००. जेफरसनने पहिल्या तीन हंगामांत मिळून ४,८२५ काढले.

चूक कुठे, ते दोन्ही ओळी शेजारी ठेवल्यावर दिसतं. रेगरने न केलेल्या कामाचे गुण आम्ही त्याला दिले आणि जेफरसनने केलेल्या कामाचे काढून घेतले. एकाची सबब मान्य, दुसऱ्याची कमाई संशयास्पद. सूट पूर्ण बंद. परिस्थिती हा आता गुणांचा रकाना नाही, प्रश्नांचा रकाना आहे: ‘चेंडू चुकीचा आला तेव्हा हा मोकळा होता का?’ उत्तर व्हिडिओत बघायचं. गुण तिथे मिळतील, इथे नाही.

२ फेब्रुवारी

प्रतिस्पर्धी. लहान विभागातल्या खेळाडूंना सरसकट ३० टक्के कपात लावली होती. कूपर कप त्यात वाहून गेला. ईस्टर्न वॉशिंग्टनमध्ये चार वर्षांत ४२८ झेल, ६,४६४ यार्ड, ७३ टचडाउन, पण विभाग दुय्यम, वयही जास्त. एनएफएलचा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा तो २४ चा होता.

रणजीत प्लेट गटात काढलेलं द्विशतक आणि मुंबईविरुद्ध काढलेलं शतक कुणी एकाच मापाने मोजत नाही. म्हणून कपात काढली आणि मोठ्या संघांविरुद्धचे सामनेच वेगळे केले. कपचे असे चार: ओरेगन स्टेट ११९ यार्ड, वॉशिंग्टन १४५, ओरेगन २४६, वॉशिंग्टन स्टेट २०६. चार सामन्यांत ४० झेल, ७१६ यार्ड, ११ टचडाउन. चारच सामने म्हणून थोडं जपून घ्यायचं, पण मोठ्यांसमोर आकडे खाली आले नाहीत एवढं तरी कळतं. हे करायला एका खेळाडूमागे १५ मिनिटं लागतात. सरसकट कपातीला शून्य लागतात आणि तिची लायकीही तेवढीच.

९ फेब्रुवारी ते १ मार्च

व्हिडिओ. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि शीट उभी राहिली तीही इथेच.

पहिली अडचण कॅमेरा. सगळे २२ खेळाडू दाखवणारं उंचावरचं चित्रण कॉलेजच्या सामन्यांचं सहज मिळत नाही. टीव्हीवरच्या चित्रात चेंडू उचलला की कॅमेरा क्वार्टरबॅककडे जातो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर. एका सामन्यात त्याचे १५-२० रूटच धड बघता येतात, तेही बरेचदा रिप्लेमध्ये. रिप्ले मुख्यतः यशस्वी झेलांचे दाखवतात, म्हणजे नमुना आधीच गोड केलेला. म्हणून नियम: ज्या रूटला चेंडू आलाच नाही पण रूट दिसतो, तो आधी नोंदवायचा.

एका सामन्याला दोन तास. एका खेळाडूचे चार सामने पुरे: दोन असे जे त्याच्या सर्वोत्तम आकड्यांचे नाहीत, आणि दोन तगड्या बचावाविरुद्धचे. सुरुवातीला आम्ही सहा घेत होतो. पाचव्या-सहाव्याने मत बदललं असं एकदाही झालं नाही.

प्रत्येक रूटला नोंदायचं ते एवढंच: समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) छातीशी उभा की सात यार्ड मागे. पहिल्या दोन पावलांत रिसीव्हरने त्याचे कंबर-खांदे वळवले का. रूट कोणता. वळणाच्या क्षणी दोघांत हातभर अंतर होतं का.

‘मोकळा’ या शब्दावरून आधी गोंधळ झाला. एकच सामना दोघांनी वेगवेगळा नोंदवला आणि जवळपास दर तिसऱ्या रूटवर मतभेद. एकजण झेल पकडला म्हणजे मोकळा होता असं धरत होता. उपाय: चेंडू चित्रात दिसायच्या आधी थांबवायचं, नोंद करायची, मगच पुढे जायचं. आवाज बंद ठेवायचा, समालोचक ‘काय रूट आहे!’ म्हणाला की हात आपोआप टिक करतो. आणि चेंडू उचलल्यापासून अडीच सेकंदांनंतर मोकळा झाला तर मोजायचा नाही, एनएफएलमध्ये तोवर क्वार्टरबॅकच्या अंगावर माणूस आलेला असतो.

या नोंदींनी पिवळ्या ओळी सुटल्या. हॅरीचे झेल बघा: बचावपटू अंगाला चिकटलेला, हॅरी उडी मारून त्याच्या डोक्यावरून चेंडू काढतो. बघायला झकास, पण झेल अवघड होता कारण तो सुटलाच नव्हता. कॉलेजात २२८ पौंडांच्या माणसाला हे जमतं. एनएफएलमध्ये समोरचा तेवढीच उडी मारतो. मॅक्लॉरिनचं नेमकं उलट. चेंडू कमी, पण छातीशी उभ्या कॉर्नरबॅकला दोन पावलांत बाजूला करून पुढे गेलेला. ३५ झेलांत ७०१ यार्ड म्हणजे झेलामागे २०, ते उगाच नाही. मोबाइल शहरात सीनियर बोलच्या (शेवटच्या वर्षातल्या कॉलेज खेळाडूंचा ड्राफ्टआधीचा सामना) सरावात एकास एक खेळतानाही तेच दिसलं. ते व्हिडिओ बघताना मात्र हात आखडता ठेवावा. तिथे मागे सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) नसतो, क्वार्टरबॅकवर दबाव नसतो, सगळं रिसीव्हरच्या सोयीचं.

म्हणून अवघड झेलांना गुण द्यायचं बंद केलं. अवघड झेल जास्त असतील तर ओळीला लाल खूण. हा बदल करताना बरीच हुज्जत झाली, कारण चित्रफितींत सगळ्यात देखणे क्षण तेच असतात.

कॉलेजचं मैदान आणि नियमही फसवतात. हॅश खुणांमधलं (डाव या दोन ओळींवरून किंवा त्यांच्या मधून सुरू होतो) अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर कॉलेजात उजव्या बाजूला १०० फूट मोकळं रान, एनएफएलमध्ये ८९. रुंद बाजूला उभं राहून मिळालेली मोकळीक वेगळी मांडायची. कॉलेजात झेलताना एक पाय आत पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. कडेला घेतलेल्या झेलांत दुसरा पाय कुठे पडला ते थांबवून बघायचं. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे बचावपटूने रिसीव्हरला हात लावलेला चालत नाही, कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत बरीच ढकलाढकल चालते. हा एक फरक रिसीव्हरच्या बाजूचा आहे आणि तो आम्ही आधी विसरलोच होतो.

८ मार्च

संघाची पद्धत. कोरी कोलमन, बेलर, २०१५: ७४ झेल, १,३६३ यार्ड, २० टचडाउन. बिलेट्निकॉफही त्यालाच. १५ वा गेला, पहिल्या वर्षी ४१३ यार्ड. बेलरचे रिसीव्हर कडेला अगदी लांब उभे राहत, रूट मोजके, आणि चेंडू दुसरीकडे जाणार असेल तर कित्येकदा जागचे हलतही नसत. शीटमध्ये आता ‘वेगवेगळे रूट किती’ असा रकाना आहे. पाचपेक्षा कमी प्रकार दिसले तर वाट्याचा आकडा राखाडी. स्क्रीन पासवरचे (मागेच दिलेला छोटा पास, पुढची वाट बाकीचे मोकळी करतात) यार्ड पूर्ण वजा.

१५ मार्च

कम्बाइनचे (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचे) आकडे भरले. ४० यार्डांची धाव: ४.४० आणि ४.५० सेकंदांमधला फरक शेवटी साधारण एका यार्डाचा. ती एकट्याने पळायची शर्यत आहे, बिनचेंडूची. रॉस ४.२२ मध्ये पळाला आणि नववा गेला. पहिल्या हंगामात एकही झेल नाही, दुखापतींनी पुढेही पाठ सोडली नाही. ४.२२ चा विक्रम २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीने ४.२१ ला मोडला.

वजन आणि वेग एकत्र धरणारं सूत्र करून बघितलं: वजन गुणिले २००, भागिले वेळेचा चौथा घात. डीके मेटकाफ २२८ पौंड, ४.३३, गुण १३०. रॉस १८८ पौंड, ११९. कप २०४ पौंड, ४.६२, गुण ९०. मूळ सूत्र चेंडू घेऊन धावणाऱ्या बॅकसाठी केलेलं आहे, रिसीव्हरला लावलं की कप तळाला जातो. काढून टाकलं.

तीन शंकूंची वळणाची चाचणी ठेवायचा मोह झाला, कारण कप ६.७५ आणि मेटकाफ ७.३८ अशी जोडी रुबाबदार दिसते. पण तोच ७.३८ वाला मेटकाफ ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि दुसऱ्या हंगामात १,३०३ यार्ड काढून बसला. वळण घेता येत नाही, तर सरळ पळणारे रूट दिले. म्हणून कम्बाइनला आता गुण नाहीत. तो फक्त व्हिडिओतल्या नोंदीची तपासणी: खोल रूटवर सुटतो असं लिहिलंय आणि वेळ ४.६५ आली, तर पुन्हा बघा. कॉलेजच्या मैदानावर घेतलेल्या चाचण्यांत घड्याळ हाताने चालतं, वेळ कमी भरते. त्या आकड्यांपुढे चांदणी.

२२ मार्च

सुटलेले झेल. रकाना काढला. ज्याचा खरा दर ६ टक्के आहे त्याला हंगामात ६० झेलण्याजोगे चेंडू आले, तर दोन सुटणं किंवा पाच सुटणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. तेवढ्यावरून हात वाईट ठरवता येत नाहीत. चेंडू हातांनी घेतो की छातीवर आपटवून, एवढंच व्हिडिओत बघायचं.

५ एप्रिल

संधी. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ दोन-तीन वर्षं मैदानात ठेवतो, पाचव्या फेरीतल्याला एक उन्हाळी शिबिर मिळतं आणि मग ५३ जणांच्या यादीची कात्री. अमॉन-रा सेंट ब्राउन ११२ वा, पुका नाकुआ १७७ वा, अँटोनिओ ब्राउन १९५ वा, ही नावं सगळ्यांना पाठ असतात. त्याच फेऱ्यांत कापले गेलेले कुणाला आठवत नाहीत. त्यामुळे उशिराच्या फेरीत जाईल असं वाटणाऱ्याला एक जादा प्रश्न: रिसीव्हर म्हणून जम बसेपर्यंत हा यादीत कशावर टिकेल? पंट (लाथेने लांब मारलेला चेंडू) परतवतो का, पंटच्या मागे पळून टॅकल करतो का. मॅक्लॉरिन ओहायो स्टेटला हे काम मनापासून करायचा, आणि आमच्या शीटला त्याचा पत्ताच नव्हता.

२० एप्रिल

आत्ताची शीट, डावीकडून: वाटा, वय, मोठ्या संघांविरुद्धचे सामने, रूटचे प्रकार, छातीशी उभ्या बचावाविरुद्ध मोकळा किती वेळा, लाल खूण, टिकण्याची सोय. पहिल्या तीन रकान्यांनी फक्त नावं गाळायची, त्यांनी कुणाला वर चढवायचं नाही. अशाने दर वर्षी तीसेक नावांतली बारा-चौदा व्हिडिओसाठी उरतात, म्हणजे साधारण शंभर तास. वाटा २० च्या खाली पण झेलामागे १८ यार्डांहून जास्त, अशांना गाळणीतून सूट. ही फट खास मॅक्लॉरिनसाठी पाडली आहे हे उघड आहे, आणि जुन्या ड्राफ्टवर ती चालणारच. पुढच्या तुकड्यांवर चालते का ते बघायचं.

२४ एप्रिल

पहिली फेरी आपल्याकडे उद्या पहाटे साडेपाचला. शीटची प्रत काढून तारीख घातली, मूळ फाइलला कुलूप. नाव पुकारल्यावर कुणाचेही गुण बदलायचे नाहीत. २०२१ ची तुकडी भरताना सेंट ब्राउनच्या ओळीत दोन टिक नंतर वाढल्या होत्या. कुणी वाढवल्या ते कळलं नाही, पण वाढल्या होत्या.

राहिलेलं काम: दोघांनी वेगवेगळे नोंदवलेले ११ सामने जुळवायचे आहेत, आणि हाताने घेतलेल्या वेळांपुढच्या चांदण्या २०१६ च्या पानावर घालायच्या राहिल्या आहेत.